झोपाळ्याच्या फळीला पाय

सागवानी लाकूड किती टिकतं, ते आमच्या अप्पांना विचारा. मैलापूरचं घर विकून आम्ही वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा झोपाळ्याची फळी त्यांनी हट्टानं बरोबर आणली. आई असेपर्यंत दोघं रोज संध्याकाळी त्या झोपाळ्यावर कॉफी प्यायचे.

इथे छताला कड्या नाहीत. मग फळीला पाय लावून बाक करायचं ठरलं. सुतार खूश झाला. "अस्सल सागवान, सार. याच्या अंगातच तेल असतं, म्हणून वाळवी लागली नाही. जरा रंधा मारतो, नव्यासारखी दिसेल."

"पाय लाव. रंधा नको," अप्पा म्हणाले. आई बसायची ते टोक बसून बसून काळसर, गुळगुळीत झालंय.

आता अप्पा त्या बाकावर कॉफी पितात, आपल्याच टोकाला. उठताना मात्र फळी एका हातानं घट्ट धरतात आणि अगदी हळू उठतात. काल शेवटी मी म्हणालोच, "अप्पा, हा बाक आहे. हलत नाही."

"ठाऊक आहे रे," ते म्हणाले. "पण झटकन उठलं की तुझ्या आईची कॉफी सांडते."