माणसाचा वारा

(यवतमाळचा एक दवाखाना. कळंबकडचे शेतकरी पुंडलिकराव आणि त्यांची बायको विजयमाला डॉ. अर्पितासमोर उभे आहेत. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली त्यांची मुलगी नयन आत ऑक्सिजनवर.)

पुंडलिकराव : म्हंजे टीबी नाहीच म्हणता?

डॉ. अर्पिता : नाही काका. एक्स-रे पाहून तसं वाटलं, म्हणून आधीच्या दवाखान्यात टीबीचीच औषधं दिली. पण सीटीतले डाग वेगळे आहेत, आणि रक्ताच्या तपासणीत बुरशी निघाली. छातीत नळी घालून खात्री केली असती, पण तिच्या प्लेटलेट फार कमी. रक्त थांबणार नाही.

विजयमाला : बुरशी? शिळ्या भाकरीवर येते ते?

डॉ. अर्पिता : तसलीच. आपल्याही श्वासात जाते, पण आपलं रक्त तिला मारतं. केमोनंतर नयनच्या रक्तात तेवढी ताकद उरली नाही. घरी कुठे ठेवलं होतं तिला?

पुंडलिकराव : एकदम न्यारं! केमो देणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, लोकायपासून दूर ठेवा. म्या माणसाचा वारा लागू नाही देल्ला.

विजयमाला : मले बी नाही जाऊ देल्लं. दारातून ताट सरकवो मी.

पुंडलिकराव : तुले खोकला होता! पोरीचा जीव मोठा का तुये लाड?

डॉ. अर्पिता : खोली कोणती, काका?

पुंडलिकराव : मांगची, ढोरायच्या कोठ्याजवळची. तिकडं कोणी फिरकत नाही.

डॉ. अर्पिता : काय असतं तिथे?

पुंडलिकराव : काही नाही. ढोरायच्या चाऱ्याचं कुटार. सोयाबीनचं. पाण्यानं थोडं भिजलं होतं, ते कोपऱ्यात लोटलं अन् बाज टाकली... मॅडम, अशा काहून पाहून राह्यल्या?

डॉ. अर्पिता : ओल्या कुटारात हीच बुरशी धरते, काका.

विजयमाला : वास येते म्हणे ती. मायजवळ झोपू द्या म्हणे. रोज.

पुंडलिकराव : चूप बस.

विजयमाला : काहून चूप? सांगा ना, बाहेरून कडी कोणं लावली ते!

पुंडलिकराव : वाचन ना मॅडम? वाचन ना पोरगी?

डॉ. अर्पिता : बुरशीचं औषध सुरू केलंय. पण फार उशीर झाला, खोटी आशा दाखवत नाही. आता शुद्धीत आहे, थोड्या वेळात मशीनवर घ्यावं लागेल. जे बोलायचं ते आत्ताच बोला. एकालाच सोडते, मास्क लावून.

पुंडलिकराव : मले जाऊ द्या. विजे, हात जोडतो. मले तिची माफी मांगू दे.

विजयमाला : तुम्ही अठीच थांबा. माणसाचा वारा लागन तिले.