दुधातली साखर

हात एवढा ताठ का धरलायस माघी, रागावलीस का? सैल सोड... हां, अस्सा. थोडा साबण लावते, भात लावून लावून हात लाकडासारखे झालेत तुझे. आता उठायचं नाही, बाळ आत झोपलंय, अनीसा आहे जवळ. आज पाजायचं नाहीये. बघ, लगेच तोंड उतरलं! म्हणून तर आधी हात धरला तुझा – म्हटलं बांगड्या भरता भरता सांगावं, म्हणजे ऐकल्याशिवाय पळणार नाही.

तुझ्या दुधाला कोण नावं ठेवतंय? तुझा रघ्याच बघ की – भोपळा नुसता, माझी पेटी ओढून नेईल आता. अरे सोड, काच आहे! चूक झाली ती आमची. डॉक्टर म्हणाले होते, आईचं दूध बंद करा, लघवी तपासेपर्यंत ग्लुकोजचं पाणी द्या. आम्हाला काय वाटलं? अनीसाच्या दुधातच खोट. मग दुसरी अंगावर पाजणारी बाई बघायची, आमच्या घरांत हेच करतात, ते काय डॉक्टरला विचारायचं असतं? लगेच माझा निजाम जीप करून तुला बोलवायला तुझ्या दाभोशाला आला. तूही बिचारी रोज पोराला काखेला मारून येत राहिलीस. आणि नात माझी आपली ओकतेय – हळदीसारखी पिवळी, मान टाकलेली, रडायचंसुद्धा विसरली. बायका माझ्या तोंडावर म्हणायच्या, शहरबानो, सुनेचं दूध नासकं गं तुझ्या. अनीसा आतून सगळं ऐकायची.

नासकं नाही काही! काल डॉक्टरांनी लघवीत औषध घालून नळी तापवली, तर विटेसारखी लाल झाली. म्हणाले, दुधात साखर असते, ती हिच्या अंगात जिरतच नाही, उलट विष होतं तिचं. मग दूध आईचं असो, गाईचं असो, बकरीचं असो. मी म्हटलं, आणि माघीचं? कोण माघी? असं विचारलं, आणि ऐकून कपाळाला हात लावला त्यांनी! आता सोयाबीनची पावडर द्यायची. निजामने नाशिकहून डबा आणलाय, मघाशीच चमच्याने पाजली. पोटात राहिली तर पोरगी वाचेल म्हणाले. राहील. राहील गं.

कशाने होतं म्हणतेस? अर्धं आईकडून येतं, अर्धं बापाकडून. अनीसा माझ्या भावाचीच मुलगी ना, दोघांचं रक्त एकच. आमच्यात एका बाईचं दूध प्यायलेल्यांचं लग्न होत नाही – म्हणजे तुझा रघ्या आता हिचा भाऊ, सुटला बिचारा! – पण मामाची मुलगी चालते. मलाही मावसभावालाच दिली होती, घरातली पोर घरात राहिली म्हणून सगळे खूश. आणि निजामच्या आधीचे माझे दोघं... तेही असेच पिवळे पडले होते. पाजलं की ओकायचे. मग मी आणखी पाजायचे – बाळ सुकतंय म्हटल्यावर आई दुसरं काय करणार? नजर लागली म्हणाले सगळे, मिरच्या ओवाळल्या. काल डॉक्टर बोलत होते ना, तेव्हा त्या दोघांची तोंडं माझ्या – जाऊ दे. कुठे होते मी? हिरवी. हिरवी शोभते तुला, ही एक जास्तीची, माझ्याकडून.

झालं, ऊठ. दाभोशाची जीप भरत आली असेल. आणि हे बघ, त्या दोघांचं अनीसाजवळ बोलू नकोस. निजामलाही माहीत नाही. बघतेस काय, जा आता, जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरबानोची नात भुकेने एवढ्या जोरात रडली, की शेजारचा दाऊद टेलर मशीन थांबवून दारात आला.