बाईंनी ठेवून दिलेला धडा

चंपा : नको बाई, शिंगड्या मागाहून खाईन. आधी मला भविष्यकाळ शिकवा.

सुमतीबाई : अगं, सारण भरून आत्ताच तळल्यात, गरम आहेत. भविष्यकाळ कुठे पळून चाललाय?

चंपा : गेल्या रविवारी पण तुम्ही असंच बोललात. त्याच्या आधी तुमचं डोकं दुखत होतं. त्याच्याही आधी भूतकाळाची उजळणी काढलीत. किती उजळणी करायची, बाई? फ्रेंचचा भूतकाळ मला झोपेत पण येतो आता.

सुमतीबाई : पाया पक्का हवा. उभा जन्म शाळेत फ्रेंच शिकवलं मी. माझ्या हाताखालची एक मुलगी नापास झाली नाही, गिरगावात कुणालाही विचार.

चंपा : मी झाले.

सुमतीबाई : काय झालीस?

चंपा : नापास. प्रिलिमिनरीत. काल पेपर मिळाले. निबंध होता, ‘सुट्टीत मी काय करीन’. भाषांतरात तेच, रिकाम्या जागांत तेच. सगळं भविष्यकाळात. बाकीच्या मुली मान खाली घालून भराभरा लिहीत होत्या आणि मी आपली पंख्याकडं बघत बसले.

सुमतीबाई : मला आधी नाही का सांगायचं?

चंपा : दिवाळीपासून सांगतेय! तुम्ही म्हणता, तो धडा शेवटी असतो. नलूच्या पुस्तकात बघितलं मी, तो मधेच आहे. तिचा तर गणपतीतच झाला.

सुमतीबाई : कोण ही नलू?

चंपा : माझ्या बाकावरची. ती ग्रँट रोडला एका सरांकडे जाते. अप्पा बोलले, तू पण तिथंच जा.

सुमतीबाई : तुझे वडील म्हणाले? मग गेली का नाहीस?

चंपा : कशी जाऊ? शाळेतल्या नव्या बाई लग्न होऊन गेल्या, तेव्हा मला शिकवणीला कोण घेत नव्हतं. तुम्ही रिटायर झालेल्या, मला ओळखत पण नव्हता, तरी बोललात, ये रविवारी. परळच्या चाळीतली आहे कळलं, आम्ही दीक्षा घेतलीय कळलं, तरी माठ दाखवलात. तहान लागली की आपल्या हातानं घे, बोललात. जाईआत्याला अजून खरं वाटत नाही, खोताच्या वाडीत असं घर आहे म्हणून. त्या घरातून उठून दुसरीकडं कशी जाऊ?

सुमतीबाई : चंपा...

चंपा : आणि अप्पांनीच मला फ्रेंच घ्यायला लावलं. बोलले, संस्कृत नको, ही भाषा शीक, हिच्यात आपल्याला कोणी अडवलेलं नाही. शिवडीच्या गोदामात फ्रेंच अक्षरांची खोकी उतरली की ते सगळ्यांना बोलावून सांगतात, माझी पोर हे वाचते. त्यांना अजून निकाल सांगितला नाही मी.

सुमतीबाई : रडू नकोस. डोळे पूस आधी.

चंपा : रडत नाही मी. राग आलाय मला. नलू बोलते, म्हाताऱ्या बाई विसरल्या असतील, त्यांनाच येत नसेल.

सुमतीबाई : मला येत नसेल? अगं, भाकरी थापता थापता शिकवीन, इतका सोपा धडा आहे तो!

चंपा : मग?

सुमतीबाई : मग काय?

चंपा : मग का नाही शिकवलात?

सुमतीबाई : तो झाला की तू जाशील म्हणून.

चंपा : कुठं?

सुमतीबाई : सगळ्या जातात तिथं. शाळेत होते तेव्हा एक वर्ग गेला की जूनमध्ये दुसरा यायचा, मागचा गेल्याचं कळायचंसुद्धा नाही. आता दुसरा वर्ग नाही. माझा भाऊ होता गुरुदत्त, तोही गेला. आठवडाभर या घरात तोंड उघडते ते कोळणीशी घासाघीस करायला. आणि रविवारी तुझ्याशी. तुला शिकवायचं एवढंच उरलं होतं गं. म्हटलं, राहू दे थोडं, पुढच्या रविवारी बघू. असं करता करता फेब्रुवारी आला.

चंपा : आणि माझी परीक्षा?

सुमतीबाई : ध्यानात आलं नाही म्हटलं तर खोटं होईल. ध्यानात यायचं. मग मी उठून काहीतरी तळायला घ्यायचे.

चंपा : मला वाटायचं, मी हुशार नाही म्हणून तुम्ही पुढं सरकत नाही.

सुमतीबाई : असं वाटायचं तुला?

चंपा : घरी जाताना, दर वेळी.

सुमतीबाई : हे माझ्या मनातही आलं नाही. म्हातारपणी माणूस फार स्वतःपुरतं बघायला लागतं बघ. बैस. उचल ती बशी मधून. आता ऐक. ‘पार्ले’ म्हणजे बोलणं. ते अख्खं ठेवायचं, मोडतोड करायची नाही. त्याच्यामागे ‘माझ्याकडे आहे’चं शेपूट लावायचं. झ पार्लरे. मी बोलेन.

चंपा : म्हणजे, माझ्याकडं बोलणं आहे?

सुमतीबाई : हो. अजून बोलले नाही, पण आहे माझ्याकडे. आता ‘तू’चं कर.

चंपा : तू पार्लरा. इल पार्लरा. मग... नू पार्लरों?

सुमतीबाई : शाब्बास. थोडी अडेलतट्टू क्रियापदं आहेत, जाणं, येणं, असणं. तेवढी घोकायची.

चंपा : एवढंच?

सुमतीबाई : एवढंच.

चंपा : एवढ्यासाठी मी नापास झाले, बाई.

सुमतीबाई : हो. बोल मला काय बोलायचं ते. मी ऐकून घेईन.

चंपा : बोलून मार्क मिळणार आहेत का? वाक्यं विचारा.

(दोघी वाक्यांमागून वाक्यं करतात. वाडीतलं ऊन कौलांवर चढतं.)

सुमतीबाई : बरं, हे फ्रेंचमध्ये सांग. मे महिन्यात काय होईल?

चंपा : मे महिन्यात महाराष्ट्र राज्य होईल. आमची अख्खी चाळ कंदील लावील. हे सोपं आहे, सगळी मुंबई सध्या हेच बोलतेय.

सुमतीबाई : आणि तू? परीक्षा झाल्यावर तू काय करशील?

चंपा : मी... मी पुण्याला जाईन. नर्सिंग शिकेन. तिथंच राहीन.

सुमतीबाई : हे खरं की वाक्यापुरतं?

चंपा : खरं. पास झाले तर. आत्यानं विचारून ठेवलंय तिथं.

सुमतीबाई : कधी ठरलं?

चंपा : संक्रांतीला. तुम्हाला सांगणार होते. पण इथं आले की वाटायचं, आज नको, पुढच्या रविवारी सांगू.

सुमतीबाई : हं. वाक्यं तिन्ही बरोबर आहेत. ‘राहीन’चा उच्चारसुद्धा चांगला केलास.

चंपा : बाई, तुम्ही चिडलात?

सुमतीबाई : नाही. पुढच्या रविवारी येऊ नकोस.

चंपा : म्हणजे चिडलात.

सुमतीबाई : नाही गं बाई. येण्याजाण्यात तुझी दुपार मोडते. आणि इथे आलीस की मी तुला खाऊ घालीन, गप्पा काढीन. माझा मलाच भरवसा नाही. घरी बसून उजळणी कर. पास व्हायचंय तुला.

चंपा : आणि अडलं तर?

सुमतीबाई : अडलं तर ये. पण नाही अडणार. हुशार आहेस तू. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

चंपा : मी सुट्टीत पुण्याहून येईन, बाई. खरंच येईन.

सुमतीबाई : मराठीत म्हणालीस, बरं केलंस. फ्रेंचमध्ये म्हणाली असतीस तर मला तपासावं लागलं असतं.

चंपा : थट्टा काय करता?

सुमतीबाई : मग काय करू? जा आता. वडिलांना निकाल आजच सांग, आणि चूक बाईंची होती म्हणून सांग. तुला सांगता येत नसेल तर मी परळला येऊन सांगते.

चंपा : मी सांगेन. येते मी. ऊन अजून आहे, तुम्ही बाहेर उभ्या राहू नका. दार लावून घ्या.

सुमतीबाई : लावते. तू कोपऱ्यावर वळलीस की लावते.