चालक, साठा आणि टपाल

जबाब देणारीचे नाव : सौ. मंजुषा सुनील जेजुरकर, वय ३६ वर्षे, धंदा – नोकरी (कॉम्प्युटर विभाग), राहणार – मखमलाबाद रोड, नाशिक.

मी आज रोजी आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून, कोणी शिकवून पाठवलेले नाही. विचारल्यावरून सांगते ते असे की,

मी वरील पत्त्यावर पती, सासूबाई व एक मुलगी यांच्यासह राहते. शेवंतीमळा फुले व भाजीपाला उत्पादक कंपनी या शेतकऱ्यांच्या कंपनीत मी सात वर्षांपासून सर्व्हर सांभाळते. सर्व्हर म्हणजे ज्या मोठ्या कॉम्प्युटरवर कंपनीचे सगळे ईमेल येतात आणि राहतात तो. श्री. झुंबर विधाते हे कंपनीचे चेअरमन आहेत. श्री. अश्विन हे ऑफिस मॅनेजर आहेत. श्री. लहानू आहेर, वय ५८, मूळ गाव नांदगाव तालुक्यात, हे कंपनीची पिकअप गाडी चालवत होते. मी त्यांना लहानूकाका म्हणते. कंपनीचा माल पळवल्याच्या संशयावरून ते सकाळपासून या ठाण्यात बाहेरच्या बाकावर बसलेले आहेत. त्यांनी काहीही पळवलेले नाही. त्यांना घेऊन जाण्यासाठी मी आले आहे.

जबाब सुरू करण्याआधी मी हवालदार साहेबांना विनंती केली की मी ड्रायव्हर म्हणेन तिथे ड्रायव्हरच लिहा, चालक लिहू नका. ते म्हणाले, सरकारी कागदात चालकच लिहितात. मी म्हणाले, साहेब, त्याच शब्दाने तो माणूस बाकावर बसलाय. बरीच वादावादी झाल्यावर असे ठरले की एकाला 'गाडीचा ड्रायव्हर' लिहायचे आणि दुसऱ्याला 'कार्डाचा ड्रायव्हर' लिहायचे. पुढे तसेच लिहिले आहे.

गेल्या रविवारी कंपनीचे ऑफिस द्वारका चौकाजवळच्या जुन्या जागेतून आडगावच्या बाजूला नव्या जागेत हलवले. सर्व्हर लहानूकाकांच्या पिकअपमधून नेला. मी स्वतः पुढे त्यांच्या शेजारी बसले होते. सर्व्हरखाली त्यांनी घरून आणलेल्या दोन गोधड्या घातल्या होत्या आणि गाडी इतकी हळू चालवली की मागून रिक्षावाले शिव्या देऊन पुढे जात होते. सर्व्हरला ओरखडासुद्धा आलेला नाही.

सोमवारी सकाळी सर्व्हर चालू केला. चालू झाला, पण त्याचे स्टोरेज दिसेना. स्टोरेज म्हणजे आठ हार्ड डिस्क असलेली पेटी, जिच्यात सगळ्यांचे ईमेल साठवलेले असतात. ही पेटी एका कार्डाला जोडलेली असते. मशीनला ते कार्ड ओळखता यावे म्हणून जो छोटा प्रोग्राम लागतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. जगात सगळीकडे ड्रायव्हरच म्हणतात. तो माणूस नसतो, पगार घेत नाही, सुट्टी मागत नाही आणि नांदगावला राहत नाही.

झाले होते असे की सर्व्हरवर लिनक्स आहे आणि लिनक्सचा जो गाभा असतो, ज्याला आम्ही कर्नल म्हणतो, तो मध्यंतरी नवीन आला होता. मशीन वर्षभर बंदच केले नव्हते, म्हणून तो लागू झाला नव्हता. जागा बदलताना मशीन बंद केले, परत चालू केले, तेव्हा नवा कर्नल लागू झाला आणि कार्डाचा जुना ड्रायव्हर त्याच्याशी जमेना. इथे हवालदार साहेबांनी विचारले की हे कर्नल साहेब देवळालीचे का. यात लष्कराचा काही संबंध नाही.

स्टोरेज नसल्यामुळे सगळ्यांच्या ईमेलची पेटी रिकामी दिसू लागली. नवे ईमेल येत होते ते मशीनच्या आतल्या लहान डिस्कवर पडत होते. ती दुपारपर्यंत गच्च भरली आणि त्यानंतर सर्व्हर येईल तो ईमेल 'जागा नाही' म्हणून परत पाठवू लागला. त्यात बाहेरच्या व्यापाऱ्यांचेही ईमेल परत जाऊ लागले, म्हणून चेअरमन साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. दुरुस्ती चालू असताना माणूस मागे उभा असला की मला काही सुचत नाही. हे मी त्यांना सात वर्षे सांगते आहे.

चेअरमन साहेबांनी विचारले, लहानूने आदळली का मशीन? मी म्हणाले, नाही, हा ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे. ते म्हणाले, तेच म्हणतोय मी. माझे डोके तेव्हा स्क्रीनमध्ये होते. मला वाटले त्यांना समजले.

कार्डाच्या कंपनीच्या हेल्पलाइनला मी फोन केला. त्यांनी मशीन बंद करून चालू करायला सांगितले. परत केला, तर दुसऱ्या मुलीने तेच सांगितले. तिसऱ्याने लिनक्स म्हटल्यावर विचारले की मॅडम, त्यापेक्षा विंडोज का टाकत नाही? माझे कान किटले. त्यात अश्विन दर थोड्या वेळाने दारातून डोकावून 'झालं का?' विचारत होते. शेवटी मी त्यांना म्हणाले की झालं की मी ओरडून सांगेन, तोपर्यंत दाराशी येऊ नका.

त्याच सोमवारी संध्याकाळी चेअरमन साहेबांनी अश्विनना सांगितले की पोलिसांत एक अर्ज देऊन ठेवा, उद्या व्यापाऱ्यांनी विचारले तर हातात कागद असलेला बरा. अश्विननी मला काय झाले ते थोडक्यात विचारले. मी सांगितले, ड्रायव्हर खराब निघाला म्हणून स्टोरेज दिसत नाही आणि सगळे मेल गेलेत. मी इतकेच बोलले आणि यात काही चूक नाही.

अश्विन यांची अशी समजूत आहे की सरकारी अर्जात इंग्रजी शब्द चालत नाहीत. त्यांनी लिहिलेला अर्ज आज मला इथे दाखवण्यात आला. त्यात असे लिहिले आहे की, 'कंपनीचा चालक सदोष असल्याने कंपनीचा संपूर्ण साठा दिसेनासा झाला असून सर्व टपालही गेले आहे. तरी योग्य ती कारवाई व्हावी.' खाली चेअरमन साहेबांची सही आहे. ती त्यांनी न वाचता केली, असे ते आता म्हणतात.

मंगळवारी मी कार्डाचा जुना ड्रायव्हर काढून टाकला आणि नव्या कर्नलला चालणारा टाकला. मशीन परत चालू केल्याबरोबर स्टोरेज दिसले. सगळे जुने ईमेल जसेच्या तसे होते. मधल्या काळात लहान डिस्कवर पडलेले ईमेल मी उचलून स्टोरेजवर नेऊन ठेवले आणि व्यापाऱ्यांना परत गेलेले ईमेल पुन्हा पाठवायला कळवले. काहीही गेले नव्हते. दोन दिवस मी धड जेवले नव्हते आणि घरी मुलीवरही ओरडले होते. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतच टाळी वाजवली.

त्या आनंदात मी कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. तो मोबाइलवर दाखवला आहे, त्याची नक्कल अशी : 'जुना ड्रायव्हर काढून टाकला. सगळा त्रास त्याच्यामुळेच होता. नवीन टाकलाय. आता सगळं मस्त चालू आहे.' त्याखाली सगळ्यांचे अंगठे आले. काहींनी टाळ्या दिल्या. चेअरमन साहेबांनी लिहिले, 'आधीच काढायला पाहिजे होता.'

या ग्रुपवर लहानूकाका आहेत. फुले कोणाच्या मळ्यातून किती वाजता उचलायची ते तिथेच कळवतात, म्हणून त्यांना घेतले आहे. माझ्या मेसेजनंतर त्यांनी गाडी धुतली, किल्ली अश्विन यांच्या केबिनमधल्या खिळ्याला अडकवली आणि ते गेले. कोणाला काही बोलले नाहीत. त्यांना जाताना कोणी पाहिले का, असे हवालदार साहेबांनी विचारले. मी पाहिले होते. खिडकीतून मी हात केला, त्यांनीही केला. मला वाटले घरी चाललेत.

बुधवारी ठाण्यातून अर्जाच्या चौकशीसाठी ऑफिसला फोन आला की तुमचा चालक कुठे आहे. अश्विननी सांगितले, काल किल्ली ठेवून गेला तो आला नाही, फोन बंद आहे. हे खरे होते. पण साठा गायब, टपाल गायब आणि चालकही गायब म्हटल्यावर पोलिसांना जे वाटायचे ते वाटले. यात मी पोलिसांना दोष देत नाही. असा अर्ज माझ्याकडे आला असता तर मीही लहानूकाकांनाच शोधले असते.

आज सकाळी त्यांना गावाहून बोलावून आणले. साठा कुठे टाकला असे विचारल्यावर त्यांनी शेवटच्या फेरीतल्या शेवंतीच्या क्रेटचा हिशोब दिला, तो बरोबर निघाला. नोकरी का सोडली असे विचारल्यावर ते म्हणाले, सोडली नाही, मला काढलंय. का काढलं? तर म्हणाले, म्हाईत नाय, पण सगळा तरास माझ्यामुळंच व्हता म्हणं. हे कबुलीसारखे लिहून घेतले गेले. ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले. दुःखाने कमी आणि रागाने जास्त.

मला हे कळले ते असे की दुपारी हवालदार साहेबांनी गेलेल्या साठ्याची यादी मागायला ऑफिसला फोन केला. अश्विननी 'स्टोरेज तुमच्याकडे असतं ना' म्हणून फोन माझ्या हातात दिला. साठा एकूण किती, असे विचारल्यावर मी म्हणाले, बावीस टीबी. ते म्हणाले, क्विंटलमध्ये सांगा. मग मी विचारले की साहेब, तुम्ही कशाबद्दल बोलताय, आणि त्यांनी लहानूकाकांचे नाव घेतले. मी होते तशी गाडीला किक मारून निघाले.

इथे आल्यावर मी प्रथम हवालदार साहेबांना सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले व मग विचारले की म्हणजे गुन्हा घडलेलाच नाही? मी म्हणाले, गुन्हा काहीच घडलेला नाही. शब्द बदलून लिहिले एवढेच झाले आहे. आणि मी स्वतः पन्नास माणसांच्या ग्रुपवर 'जुना ड्रायव्हर' असे लिहिले, तेव्हा आपल्याकडे एक खराखुरा गाडीचा ड्रायव्हर आहे, तो वयानेही जुना आहे आणि हे वाचणार आहे, हे माझ्या मनातही आले नाही. मला त्याचा संताप येतो. चेअरमन साहेबांचा, अश्विनचा आणि हेल्पलाइनचा आला त्यापेक्षा जास्त येतो.

त्यानंतर मी बाहेर बाकावर लहानूकाकांजवळ बसले. त्यांना कार्डाचा ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगितले. त्यांनी मान हलवली. मी म्हणाले, काका, एकोणीस वर्षे झाली तुम्हाला, मला एक फोन करून विचारायचे तरी होते. ते म्हणाले,

"काय इचारायचं, ताई? समद्यांनी आंगठे दिले व्हते. येकबी उलटा नव्हता."



मी फोन केल्यावरून चेअरमन साहेबही थोड्या वेळाने आले. ते लहानूकाकांना म्हणाले, अरे गैरसमज झाला, घोटीला भाजी पोचवायचीय, चल. लहानूकाका बसूनच राहिले. तेव्हा मी चेअरमन साहेबांना सर्वांदेखत म्हणाले की ग्रुपवर लिहायला तुम्हाला वेळ होता, आता त्याच ग्रुपवर त्यांचे नाव घेऊन लिहा. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि लिहिले. मेसेज असा : 'लहानू आहेर यांना काढलेले नाही. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचा भाग होता. माझी चूक झाली.' त्यावर आतापर्यंत एकही अंगठा आलेला नाही, मी दोनदा पाहिले. माझा मी दिला आहे. लहानूकाकांनी तो मेसेज वाचला, मोबाइल खिशात ठेवला आणि तरीही ते उठले नाहीत. ते कामावर परत येणार का, असे चेअरमन साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारले. मी सांगितले, मला माहीत नाही, आणि तुमच्या जागी मी असते तर विचारायची माझी हिंमत झाली नसती.

लहानू आहेर यांच्याविरुद्ध माझी किंवा सर्व्हरची कोणतीही तक्रार नाही. अश्विन यांचा अर्ज रद्द करावा. पुन्हा अर्ज द्यायची वेळ आली तर मी स्वतः लिहीन.

हा जबाब हवालदार साहेबांनी हाताने लिहून घेतला, मी तो ओळीन्‌ओळ वाचला, मी बोलले तसाच आहे. माझ्या आग्रहावरून तो लहानूकाकांनाही बाकावर मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि सांगितले की बाकी समदं बरोबर हाय, फक्त एका जागी चुकलंय. सुरुवातीला 'पिकअप गाडी चालवत होते' असे लिहिले आहे, तिथे 'चालवतात' असे करावे. त्याप्रमाणे समासात दुरुस्ती करून त्यावर माझी सही घेतली आहे.