रांगेत सापडलेली इकिगाई

काकांना एकसष्टाव्या वर्षी आयुष्याचं ध्येय सापडलं. दाखल्यांच्या कचेरीत ते रांगेत माझ्या पुढे उभे होते आणि त्यांची पुतणी त्यांना घरी न्यायला आली होती.

"काका, कोणता दाखला हवाय तुम्हाला?"

"कोणताच नाही. खिडकी आली की मी परत शेवटी जाऊन उभा राहतो."

"रोज? काकूला वाटतं तुम्ही गुडघ्यांच्या डॉक्टरकडे जाता."

"गुडघे उभं राहूनच बरे झाले. जपानी लोक म्हणतात ना, इकिगाई? सकाळी कशासाठी उठायचं ते सापडावं लागतं. रिटायर झाल्यावर मला हे सापडलं."

"रांग?"

"कुणाचा फोटो राहतो, कुणाची झेरॉक्स. मी इथेच सांगतो, नाहीतर माणूस तीन तासांनी हात हलवत परत जातो."

"सोमवारपासून सगळं मोबाइलवर होणार. रांगच बंद."

"म्हणून आज खिडकीपर्यंत जाणार आहे. हा अर्ज वाच."

"'विनंती की, रांग क्रमांक तीन कायम ठेवावी व अर्जदारास तिच्या मधोमध तहहयात उभे राहण्याची परवानगी मिळावी.'"