गोद घेतलेली चिमी

हसा तुमी, पण त्या दिवशी मी लय भेलो होतो. सौंसरले दत्तक लेकरं असलेल्या मायबापांची बैठक भरते. गाणे, खेळ, चहा असते. तिथल्या ताई मले म्हणाल्या, "भाऊ, चिमी आता सहा वर्साची झाली. कोणी गल्लीतलं सांगण्याआधी तुमीच सांगून टाका. दत्तक शब्द जड वाटत असन, तं हिंदीतलं 'गोद घेतलं' म्हणा, म्हणजे मांडीवर घेतलं."

खेळ संपल्यावर चिमीले बाजूले नेलं. म्हटलं, "बेटा, तू आईच्या पोटातून नाही आली. आमी तुले गोद घेतलं."

चिमीनं माह्याकडे वर पाहिलं. बायकोनं तर पदरच तोंडाले लावला.

मंग चिमी म्हणे, "गोद घेतलं? मंग खाली काहून ठेवलं?"

उचलली बाप्पा! पांढुर्ण्यात बसमधून उतरलो, तरी पोरगी जमिनीले पाय लावून नाही राहिली. घराजवळ शेजारच्या काकू आपल्या पोराचा हात धरून येत होत्या. म्हणे, "काय व चिमे, एवढी घोडी झाली अन् बापाच्या कडेवर?"

चिमी वरूनच म्हणे, "मले गोद घेतलं, काकू. तुमच्या पोराले चालावं लागते."