दाऊदचाचांचा एकच फटका

हसू नका, पण दाऊदचाचांनी एकदा बेसबॉलपायी अख्ख्या कॅम्पला उपाशी ठेवलं होतं. साठच्या दशकातली गोष्ट. अबुधाबीच्या वाळवंटात आमचा तेलाचा कॅम्प. मी ऑफिसात क्लार्क आणि चाचा आमच्याच हर्णैचे, मेसमध्ये बावर्ची. अमेरिकन फोरमन जेवताना त्याच्या देशातल्या एका स्टार खेळाडूचा पगार सांगत होता. मी तो रुपयांत करून सांगितला, तसे चाचा उखडले.

"तेवढ्यात आमचं अख्खं बंदर विकत मिळेल! नुसतं दांडकं फिरवायचे एवढे पैसे?"

फोरमन म्हणाला, "यल्ला, चल, उद्या तू फिरवून दाखव!"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, मेस सोडून सगळ्यांना सुट्टी. चाचांनी लुंगी वर खोचली आणि पहिलाच चेंडू असा हाणला की तो पाण्याच्या टँकरपलीकडे गेला. पण चाचांना ठाऊक फक्त क्रिकेट! दांडकं हातात धरून ते पहिल्या बेसपर्यंत पळाले, तिथे ते टेकवलं आणि उलटे फिरून परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. फोरमन ओरडतोय, "अरे, पुढे जा, पुढे, दुसऱ्या बेसकडे!"

"पुढे कशाला? चार रन झाले, खलास!"

फोरमन हसून हसून वाळूत लोळला. मग पोरांनी चाचांना खांद्यावर घेऊन मेसपर्यंत मिरवलं.

जेवायला गेलो तर चूल थंड. चाचा खुर्चीत, पायावर पाय टाकून.

"चाचा, जेवण?"

"स्टार माणूस कांदे कापत नाही. आधी साहेबाला माझा पगार वाढवायला सांग."

"अहो, त्या खेळाडूंना फार मिळतं असं कालच म्हणालात ना?"

"काल मी बावर्ची होतो."